लेकराला सांताकडं नेण्याआधी

ही माहिती फक्त नवख्या पालकांसाठी आहे. ज्यांचं दुसरं लेकरू नर्सरीत आहे त्यांनी वाचायचे कष्ट घेऊ नयेत. त्यांना सगळं माहीत असतं, आणि त्याचा उपयोग होत नाही हेही माहीत असतं.

तयारी पंधरा दिवस आधी सुरू करा. पहिलं काम म्हणजे घरात झोळीवाल्याची धमकी बंद करणं. लेकरू जेवत नसलं, झोपत नसलं, की 'तो बघ दाढीवाला बाबा, झोळीत घालून नेईल' हे एकच औषध आपल्याकडं बारा महिने चालतं. तीन वर्षं हे औषध प्यालेलं लेकरू आपण २४ डिसेंबरला सकाळी पावडर लावून शाळेत नेतो. तिथं खरंच दाढीवाला बाबा, खांद्यावर खरंच झोळी, आणि सख्खी आई उचलून त्याच्या मांडीवर देते. वर म्हणते, 'हस की!' त्या जागी आपण असतो तर आपणही फरशीवर लोळण घेतली असती.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण छाती पुढं काढून सांगतो, पण या बाबतीत जर्मनी बरीच पुढं आहे. तिकडं ६ डिसेंबरच्या सुमारास संत निकोलस लेकरांना खाऊ घेऊन येतो, आणि भेव दाखवायला त्याच्यासोबत छडीवाला क्नेख्ट रुप्रेख्ट हा वेगळा गडी असतो. आपण दोन्ही खाती एकाच बाबाकडं दिली. आजचा गोलमटोल सांता अमेरिकेतल्या लोकांच्या डोळ्यांत बसवला तोही जर्मनीत जन्मलेल्या थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानं, १८६३ पासून 'हार्पर्स वीकली'त चित्रं काढून काढून. परभणीचा या कामात वाटा शून्य.

शून्य म्हणजे कापसापुरताही नाही. डिसेंबरात मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागलेल्या असतात आणि इकडं परभणीत सांताची दाढी नायलॉनची! तिचं रबर कानामागं ताणलेलं असतं. बाबा बोलायला लागला की दाढी वर सरकते, मिशा डोळ्यांत जातात आणि खालून रोजची हनुवटी बाहेर येते. धीट लेकरं नेमकी तेवढ्यासाठी टपलेली असतात.

कपड्यांचा निरोप २३ तारखेला रात्री साडेनऊला ग्रुपवर येईल: 'उद्या रेड ड्रेस कम्पल्सरी.' तोवर कच्छी बाजारातली शटरं खाली आलेली असतात. अशा वेळी शेजाऱ्यांकडं मागावं. लाज धरू नये, तेही कुणाकडं तरी मागतच असतात. थंडीचं मात्र बघा. कृषी विद्यापीठातलं किमान तापमान सकाळी पेपरात येतं, ते वाचून स्वेटर चढवा. स्वेटर हिरवा असेल तर फोटोपुरता काढायला लावतील. लेकरू कुडकुडेल, आणि अकरा वाजता उन्हात उभा असलेला सांता घामानं निथळेल. बर्फाच्या मुलखातला पोशाख आहे तो, त्याला काय माहीत आपलं ऊन.

भेटवस्तू सांता देत नाही, आपणच देतो. दोन दिवस आधी पुडा बांधून, वर नाव लिहून, लेकराची नजर चुकवून मॅडमकडं पोचवायचा. इथं एक सूचना अनुभवाची आहे. घरात उरलेला वाढदिवसाचा कागद वापरू नका. आमच्या चिरंजीवांनी पुडा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, 'हे तर आपल्या कपाटातलं हाय.' मॅडम खाली बघायला लागल्या. सांता त्याच्याहून खाली.

आजोबांना शक्यतो घरी ठेवा. सांता 'हो, हो, हो' करत आत आला तेव्हा आमचे आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. पन्नास वर्षं औत हाकलेला माणूस. त्यांच्या हिशेबानं हा आवाज बैल थांबवायचा. बैल सुटले कुठं, हे शोधण्यात त्यांचा कार्यक्रम गेला.

आजीला मात्र न्याच. वासुदेव असो की नंदीबैलवाला, वेश घेतलेला माणूस समोर आला की सूपभर जोंधळे घालायचे, हे आजीच्या अंगात मुरलेलं. तिनं कनवटीची दहाची नोट काढून सांताच्या मुठीत कोंबली आणि लेकराला पुढं ढकललं, 'पाया पड बाबांच्या.' सांता चार पावलं मागं सरकला, 'ऱ्हाऊ द्या मावशी, ऱ्हाऊ द्या.' सगळे हसले. आजीचं चुकलं कुठं, हे मात्र मला कळलं नाही. मूळचा निकोलस चौथ्या शतकात मायरा इथला बिशप होता. ते गाव आज तुर्कस्तानात येतं. ख्रिस्ती लोक त्याला संतच मानतात. जनाबाईंचं गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या बाईनं संताच्या पाया पडायला नाही लावायचं तर काय शेकहँड करायला लावायचा?

फोटो एकच काढा आणि पहिल्या तीन सेकंदांत काढा. चौथ्या सेकंदाला ओठ थरथरतात, पाचव्याला भोंगा सुरू. रडका फोटो पुसू नका. पुढं लग्नात स्क्रीनवर लावायला तोच कामी येतो.

आता भेटीनंतरचं, जे कुणी आधी सांगत नाही. त्या रात्री आजी सवयीनं म्हणाली, 'जेव गुमान, नाहीतर झोळीवाला बाबा येईल.' लेकरानं तोंडातला घास तसाच धरला, ताट बाजूला सारलं आणि दाराकडं तोंड करून मांडी घालून बसलं. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, काही केल्या जेवेना. तेव्हा शाळेत जायच्या आधीच घरात सगळ्यांनी बसून दुसरी एखादी धमकी ठरवून ठेवा.