आखणीकर

प्रत्येक मित्रमंडळात एक आखणीकर असतो. कागदोपत्री आडनाव काहीही असो, कामाने तो आखणीकरच. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला, तर वरणभातावर तूप पडायच्या आत विचारतो, "डिसेंबरात काय करतोयस?" तुम्ही बेसावधपणे "विशेष काही नाही" म्हणता, आणि मठ्ठा येईपर्यंत तुमच्या नावापुढे स्टोव्ह लागलेला असतो.

आमचा आखणीकर ठाण्यात राहतो. दिवसा एका कंपनीचे हिशेब तपासतो आणि रात्री डोंगर चढतो. रात्री म्हणजे जेवणं आटोपल्यावर, दिवाणखान्यात, टीपॉयवर नकाशा पसरून. १:५०,००० चा टोपोशीट, त्यावर दर वीस मीटरला एक तपकिरी रेषा, आणि त्या रेषांवरून सरकणारं आखणीकराचं बोट. बोट खिंडीत पोचलं की तो थांबतो आणि चक्क पाणी पितो. वहिनी म्हणतात, "दमले. आता झोपतील."

या माणसाला एकच दुखणं आहे. त्याला डोंगरात माणूस दिसता कामा नये. एका शनिवारी तो हरिश्चंद्रगडावर गेला होता. कोकणकड्यावर तंबूंची अख्खी गल्ली लागलेली, शेजारच्या तंबूत कुणाचा तरी वाढदिवस, आणि मध्यरात्री त्याच्या तोंडाला परक्या माणसाने केक फासला. पुढच्या महिन्यात हरिहरच्या पायऱ्यांवर तो पाऊण तास एकाच पायरीवर उभा होता. तेव्हापासून त्याने शपथ घेतली: यापुढे फक्त शांत वाटा, सलग चार-पाच दिवसांच्या, जिथे गुराख्याशिवाय कुणी भेटणार नाही. गंमत अशी, की या निर्मनुष्य ठिकाणी जायला त्याला किमान बारा माणसं लागतात. त्याशिवाय खर्च वाटून जात नाही.

तर गेल्या वर्षी त्याच्या बोटाखाली सातमाळा आला. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीने उभे असलेले किल्ले: अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई आणि शेवटी चांदवड. आखणीकर ही नावं रामरक्षेच्या चालीत म्हणतो. "एका टोकाला चढायचं आणि दुसऱ्या टोकाला उतरायचं," तो म्हणाला, "मध्ये कुणी नाही." मध्ये सप्तशृंगगड आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. साडेतीन शक्तिपीठांतलं अर्धं पीठ म्हणून महाराष्ट्रात ज्याची ख्याती आहे, जिथे वर जायला रस्ता आहे, पायऱ्या आहेत आणि आता ट्रॉलीही आहे, ते शांत वाटेच्या बरोबर मधोमध बसलेलं होतं. आखणीकराने नकाशावर त्याला वळसा घालणारी लाल रेघ मारली होती. आखणीकराची रेघ म्हणजे पूर्वीच्या काळची शाई. खोडता येत नाही.

वेळेचं गणित तो नेस्मिथच्या नियमाने करतो. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. त्याने १८९२ साली सांगून ठेवलंय, की पाच किलोमीटरला एक तास धरा आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. हा सज्जन माणूस स्कॉटलंडमध्ये चालत होता. त्याच्या वाटेत कारवी नव्हती, घसारा नव्हता, आणि दर अर्ध्या तासाने "जरा बूट काढतो रे" म्हणणारा आमचा बँकवाला मित्र नव्हता. आखणीकराने तीही सोय केली. बँकवाल्याच्या बुटांसाठी रोजची ४० मिनिटं वेगळी धरली. एका गोष्टीची मात्र सोय कोणत्याच कागदावर होत नाही. वीस-वीस मीटरवरच्या दोन रेषांच्या मध्ये अठरा मीटरचा कडा आरामात झोपू शकतो. नकाशा बघणाऱ्याला तो दिसत नाही. दिसतो फक्त पायाखाली आल्यावर.

मग सामानाची यादी. इथे आखणीकर खरा फुलतो. रद्दीवाल्याकडून उसना आणलेला ताणकाटा दाराच्या कडीला लटकवायचा आणि एकेक वस्तू त्याला लावायची. लसूण घरी सोलून न्यायचा, सालीचं वजन वाचतं. बिस्किटं पुड्यातून काढून डब्यात भरायची. टॉवेलाऐवजी पंचा, आणि तोही अर्धा. मी तंबू न्यायला कुरकुर केली तर त्याने मला इतिहास ऐकवला. "१६७० साली महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून याच डोंगरातून आले. मागे दाऊदखान. वणी-दिंडोरीला लढाई दिली आणि सगळा ऐवज घेऊन गेले. तुला तीन किलोचा तंबू जड होतो?" यावर काय बोलणार! मी तंबू घेतला. पुढे कळलं, की प्रवासातली सगळ्यांत जड वस्तू त्याची स्वतःची फाईल होती. चौसष्ट पानं, प्रत्येक पान पावसापासून वाचावं म्हणून प्लास्टिकमध्ये बंद. तिचं वजन त्याने केलं नव्हतं. यादी यादीत धरत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

तारीख पौर्णिमेची. "चांदण्यात विजेऱ्या कमी लागतात. सेल माणशी नव्वद ग्रॅम वाचतात." मोबाइलमध्ये त्याच्याकडे चंद्राचं खास ॲप आहे. चंद्र किती वाजता उगवणार, कोणत्या दिशेला, त्या रात्री किती टक्के उजळलेला असणार, सगळं त्यात दिसतं. ऑक्टोबरातला शनिवार नक्की झाला. पाऊस संपलेला, टाकी भरलेली, गवत अजून पिवळं व्हायचं. खरोखरच नामी तारीख होती.

शेवटच्या बैठकीत वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या. "या शनिवारी दूध किती लिटर सांगू?"

"द्रव पदार्थ माणशी तीन लिटर," आखणीकर फाईलमधून मान वर न करता म्हणाला. "पाणी. दूध यादीत नाही."

वहिनी "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्ही हसलो. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता माणसांबद्दल. 'सातमाळा अंतिम' नावाच्या ग्रुपवर चौदा जण होते. त्याच्या एक्सेलमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे रंग असतो. 'नक्की येतो' म्हणणारा हिरवा, नाही म्हणणारा लाल. मराठी माणूस यातलं काहीच म्हणत नाही. तो "बघतो" म्हणतो. अवघ्या महाराष्ट्राला "बघतो"चा अर्थ कळतो. मुलीकडच्यांना कळतो, वर्गणी मागणाऱ्यांना कळतो, उसने पैसे मागायला आलेल्यालाही कळतो. एकट्या आखणीकराला कळत नाही. तो "बघतो"पुढे हिरवा रंग भरतो. म्हणूनच बुधवारपर्यंत त्याच्या कागदावर हिरवीगार कुरणं होती आणि गुरुवारी दुपारपासून दुष्काळ सुरू झाला. एकाच्या मावसभावाचं केळवण निघालं. एकाचा गुडघा, जो मंगळवारपर्यंत व्यवस्थित होता. एकाने नुसताच हात जोडल्याचं चित्र पाठवलं, त्याचा अर्थ अजून लागलेला नाही. रात्री नाशिकच्या गाडीत आम्ही चौघे होतो, आणि चौदा माणसांचा कांदा-बटाटा.

नाशिकच्या स्टँडवर पहाटे उतरलो तर वणीकडच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. डोक्यावर गाठोडी, हातात भगवे झेंडे, लेकुरवाळ्या बाया, म्हातारे. जादा गाड्या लागलेल्या. खांद्यांवर कावडी घेतलेली पोरं अनवाणी बाजूने चालत निघालेली. आखणीकर थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने फाईल उघडली. पान १७ वर लिहिलं होतं: 'वणीची बस, तुरळक गर्दी.'

"काका," त्याने एका टोपीवाल्याला विचारलं, "आज काय आहे?"

"आज कुठं, उद्या. कोजागिरी!" काका म्हणाले. "तुमी बी पायीच का? एवढं वझं?"

सप्तशृंगीला कोजागिरीला केवढी जत्रा भरते, दूरदूरच्या नद्यांचं पाणी कावडीतून आणून देवीला कसं घालतात, हे आम्हाला गाडीत उभ्याने शेजारच्या आजींनी सांगितलं. आखणीकराच्या ॲपने त्या रात्रीचा चंद्र टक्क्यांसकट सांगितला होता. फक्त आश्विनातल्या पौर्णिमेचं नाव सांगितलं नव्हतं. ते ठाण्याच्या स्वयंपाकघरात दाराआडच्या कालनिर्णयावर छापलेलं होतं, वहिनींच्या दुधाच्या हिशेबाशेजारी.

तरी त्या दिवशी आम्ही अचला आणि अहिवंत केले, आणि खरं सांगायचं तर आखणीकराचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. माणूस नाही. इतका नाही, की अहिवंताकडे जाताना वाट हरवली तेव्हा विचारायलाही कुणी नाही. आम्ही एका ठसठशीत पायवाटेने तासभर गेलो. ती ढोरवाट निघाली. ढोरवाट गडावर जात नाही, पाण्यावर जाते. गुरांना इतिहासात रस नसतो. पाण्यावर एक गुराखी भेटला. आखणीकर इतक्या आनंदाने त्याच्याकडे धावला, की तो बिचारा उठून उभा राहिला.

"किती वेळ लागेल?"

"ह्ये काय, समोर. बिडी सरंस्तोवर पोचाल."

नेस्मिथच्या हिशेबाने एक तास दहा मिनिटं होती. गुराख्याच्या हिशेबाने एक बिडी. प्रत्यक्षात अडीच तास लागले, त्यातली चाळीस मिनिटं बुटांची. आखणीकराने ते फाईलमध्ये लिहून ठेवलं. त्या चुकीच्या वाटेवर, उतारावर बसून, त्याने माझ्या हातावर न मागता आम्लपित्ताची गोळी ठेवली. मला सकाळी अकरानंतर ती लागते, हे त्याच्या पान ४३ वर होतं. चौघांच्या गोळ्या, चौघांच्या ॲलर्ज्या आणि चौघांच्या घरचे फोन नंबर त्या चौसष्ट पानांत होते. त्या फाईलला मी नंतर नावं ठेवली नाहीत. तेव्हा ठेवत होतो.

दुसरा मुक्काम मार्कंड्यावर. खोऱ्यापलीकडे समोर सप्तशृंगगड. लोक सांगतात, की मार्कंडेय ऋषी या डोंगरावर बसून देवीला पुराण ऐकवत आणि ते नीट ऐकू यावं म्हणून तिने मान किंचित कलती केली; मूर्तीची मान अजून तशीच आहे. आम्ही तंबू ठोकले, चांदणं आलं. असं चांदणं, की खरंच विजेरी लागेना; त्या नव्वद ग्रॅमचा हिशेब बरोबर होता. आणि बरोबर त्याच वेळी समोरून भोंगे सुरू झाले. हरवलेल्या बाईंचं नाव, जागरणाची गाणी, "आपल्या पादत्राणांची काळजी घ्यावी", पुन्हा गाणी. ऋषींचा डोंगर आणि देवीचा डोंगर यांच्यातला संवाद अजून चालू होता, फक्त आता बोलायची पाळी त्या बाजूची होती. आम्ही चौघे माना कलत्या करून रात्रभर ऐकत होतो.

साडेअकराच्या सुमारास आखणीकराचा फोन वाजला. डोंगरावर रेंज आली ती याच एका क्षणी. वहिनी होत्या. "दूध आटवलंय. चारोळी घातलीय. सोसायटीतले सगळे गच्चीत आहेत. तुम्हाला चंद्र नीट दिसतोय ना?"

"दिसतोय," आखणीकर म्हणाला.

"आणि काय हो, तिकडे एवढा आवाज कसला?"

सकाळी मुळाणे बारीत उतरलो तर तिथे एक जीप उभी. आखणीकराच्या फाईलमध्ये दर खिंडीगणिक एक 'सुटकेचा मार्ग' लिहिलेला असतो. अपघात झाला तर माणूस कसा बाहेर काढायचा त्याचा. बँकवाल्याने तो मार्ग अपघाताविना वापरला. दुसरा त्याला सोडायला म्हणून जीपमध्ये बसला आणि उतरला नाही. रवळ्या-जवळ्याला आम्ही दोघे चढलो. धोडपाच्या पायथ्याला हट्टीत पोचलो तेव्हा उरलेला दहा किलो कांदा-बटाटा आखणीकराने एका घरी दिला. घरातल्या आजीबाईंनी तो ओसरीवर ओतला, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "इकायला आनले व्हते का?" आजूबाजूला जिकडेतिकडे कांद्याची शेतं होती. नाशिक जिल्ह्यात ठाण्याहून कांदा घेऊन जाणारा तो बहुधा पहिलाच माणूस.

धोडपाची ती उभी दगडी भिंत आणि तिला पडलेली खाच बघून आम्ही परत फिरलो. कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई आणि चांदवड राहिले ते राहिलेच.

आता 'सातमाळा उर्वरित' नावाचा नवा ग्रुप निघाला आहे. अठरा जण आहेत. तारीख या वेळी आखणीकराने कालनिर्णय बघून काढली. कुठलीही जत्रा नाही, ग्रहण नाही, पौर्णिमा तर नाहीच. ती तारीख वहिनींच्या भाचीच्या लग्नाची आहे, हे वहिनींना माहीत आहे. त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

काल रात्री त्याचा फोन आला. माझ्याकडे तंबू आणि तिखट-मीठ. "येतोयस ना?"

मी म्हटलं, "बघतो."

त्याने माझ्या नावापुढे हिरवा रंग भरला.