‘हा सराव नव्हे’ : निर्वाणीच्या उद्घोषणेची रचनापद्धती

जहाज, पाणबुडी, अंतराळयान अथवा क्षेपणास्त्रांचा तळ यांवर संकट कोसळले असता कथेतील पात्रांना ध्वनिक्षेपकावरून जी सूचना दिली जाते, तिला प्रस्तुत विवेचनात ‘निर्वाणीची उद्घोषणा’ म्हटले असून, लोककथेतील राक्षसाचा प्राण जसा पोपटात असतो तसा हिचा प्राण ‘हा सराव नव्हे’ या शेपटात असतो. सराव म्हणजे संकट आलेले नाही हे ठाऊक असूनही ते आल्यासारखी केलेली धावपळ; ज्या पात्रांनी ही धावपळ कंटाळा येईपर्यंत केलेली असते, त्यांनाच हे शेपूट ऐकवण्यात अर्थ असतो. ज्या गावात आग विझवण्याची तालीम कधी झालीच नाही, तेथे ‘आग लागली’ एवढ्याने भागते. ‘ही तालीम नव्हे’ अशी पुस्ती जोडल्यास गावकरी हातातल्या बादल्या खाली ठेवून, तालीम कोणत्या पेठेतली, अशी चौकशी करू लागण्याचा संभव असतो.

या शेपटाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कल्पित नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा फोर्ड बेटावरून लेफ्टनंट कमांडर लोगन रॅम्से यांनी हवाई हल्ल्याची बिनतारी वार्ता धाडताना हा सराव नव्हे, असे मुद्दाम नमूद करविले. कारण नौदलाच्या त्या तळावर सराव इतके नित्याचे होते की, डोक्यावर घिरट्या घालणारी विमाने आपलीच असावीत, असे अनेक खलाशांना प्रथम वाटले. कथालेखकांनी या प्रसंगातील शब्द तेवढे उचलले आणि त्यामागची सवय बहुधा तेथेच सोडून दिली.

ही सवय वाचकाच्या अंगी बाणवण्यासाठी कथेच्या आरंभी एक खोटे संकट घडवावे लागते. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात यानाच्या नियंत्रणकक्षातील माणसे धडाधड कोसळतात आणि मग ती परीक्षा होती असे उघड होते. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’मध्ये क्षेपणास्त्र सोडण्याचा आदेश मिळूनही एक अधिकारी किल्ली फिरवत नाही, आणि तोही सरावच असतो. हा प्रयोग लेखकाने एकदाच करावा. ‘लांडगा आला रे आला’ असे ओरडणाऱ्या पोराने तिसऱ्या खेपेस ‘हा सराव नव्हे’ असे स्पष्ट बजावले असते, तरी मेंढरे वाचली नसती.

उलट दिशेची उद्घोषणाही अभ्यासकाने दुर्लक्षू नये. १९९५ च्या ‘क्रिमसन टाइड’ चित्रपटात पाणबुडीच्या स्वयंपाकघरात खरी आग लागलेली असताना कप्तान त्याच गोंधळात क्षेपणास्त्र सोडण्याचा सराव सुरू करतो, त्यामुळे एकाच ध्वनिक्षेपकाला एक खरे आणि एक खोटे अशी दोन संकटे सांभाळावी लागतात. या कप्तानाचे आडनावही रॅम्सेच आहे. त्यावरून काही निष्कर्ष काढण्याचा मोह आवरलेला बरा.

येथवरचे नियम पाळूनही एक अडचण उरते, ती तर्कशास्त्राची आहे. जो सराव खऱ्यासारखा व्हावा अशी इच्छा असते, त्यातही ‘हा सराव नव्हे’ असे म्हणावेच लागते. म्हणजे जे वाक्य सराव आणि संकट यांत भेद करण्यासाठी योजले, ते दोन्हीकडे सारख्याच अधिकाराने हजर राहते. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई राज्यात नेमके हेच घडले. पाळी बदलताना घेतलेल्या सरावाच्या ध्वनिफितीत आरंभी आणि शेवटी ‘सराव’ हा शब्द होता, मधोमध मात्र हा सराव नसल्याचे वाक्य होते. एका कर्मचाऱ्याने तेवढेच ऐकले आणि क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा राज्यभरच्या मोबाइलवर धाडला. तो चुकीचा असल्याचा संदेश त्याच मोबाइलवर पोहोचायला ३८ मिनिटे लागली. म्हणून लेखकाने शेपटावर सारा भार टाकू नये. घोषणा करणाऱ्याचा घसा कोरडा पडावा, नेहमीचा विनोदी स्वयंपाकी गप्प व्हावा, एखाद्याने बूट न घालताच धावत सुटावे, कारण सरावात कोणी बूट विसरत नाही.

वेळेची निवडही जपून करावी. २० फेब्रुवारी १९७१ रोजी अमेरिकेतील आकाशवाणी केंद्रांकडे आणीबाणीचा इशारा चुकून, परंतु योग्य त्या सांकेतिक शब्दासह गेला. नियमाप्रमाणे केंद्रांनी नेहमीचे कार्यक्रम थांबवून तो प्रसारित करायचा होता. तथापि तो शनिवारच्या नेहमीच्या चाचणीच्याच वेळी, सकाळी ९ वाजून ३३ मिनिटांनी, आल्यामुळे कित्येक केंद्रांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि चालू असलेली गाणी तशीच चालू ठेवली.