झोपेचा कारभार

उद्योगाची थोरवी गाणाऱ्या सुभाषितांवर ज्याचे बालपण पोसले गेले, त्याच्या नशिबी पुढे यंत्रांना शिस्तशीर झोपविण्याची नोकरी यावी, यात नियतीचा काही मिस्कील हेतू असला पाहिजे. बॅटरीवर चालणाऱ्या चिमुकल्या उपकरणांची प्रणाली लिहिणे आणि त्यांना परस्परांशी बोलते करणे हा माझा व्यवसाय होय. परिचितांना मी ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ एवढेच सांगतो. कारण ‘यंत्राने होता होईतो काहीही करू नये याची तजवीज करतो’ हे खरे उत्तर ऐकल्यास कोणाही सासऱ्याचा चेहरा उतरेल.

या धंद्याचे सारे अर्थशास्त्र नाण्याएवढ्या सेलात मावते. घड्याळजीकडे मिळणाऱ्या सीआर 2032 या तीन व्होल्टच्या सेलाजवळ सुमारे 225 मिलिॲम्पिअर-तास एवढीच पुंजी असते. रेडिओ चालू असला की दहाएक मिलिॲम्पिअर खातो. तो अखंड चालू ठेवल्यास एका अहोरात्राच्या आत सेलाचा निकाल लागतो. तेच उपकरण निद्रिस्त असताना दोन मायक्रोॲम्पिअरवर गुजराण करते आणि तीच पुंजी कागदोपत्री बारा वर्षांहून अधिक पुरते. सबब, उपकरणाने काम किती केले यावरून नव्हे, तर ते उरकून किती त्वरेने निजले यावरून त्याच्या कर्त्याची योग्यता मुक्रर होते.

मी राहतो वाघोलीस. वाघेश्वराचे देवालय आणि सरदार पिलाजी जाधवरावांची समाधी यांमुळे इतिहासात, आणि नगर रस्त्यावरील वाहनांच्या मुंगीगतीमुळे वर्तमानात हे गाव ख्यातकीर्त आहे. 30 जून 2021 रोजी ते पुणे महापालिकेच्या हद्दीत दाखल झाले. परंतु आमच्या सोसायटीच्या टाकीला ही वार्ता अद्याप कळलेली नसल्याने ती टँकरच्याच पाण्याने भरते. तेव्हा टाकीतील पातळी घरबसल्या समजावी, असा ठराव सभेत झाला आणि ‘घरचाच माणूस आहे’ या सर्वमान्य न्यायाने ते काम, अर्थात विनामोबदला, माझ्याकडे आले.

“पातळी फोनवर क्षणाक्षणाला दिसली पाहिजे,” अध्यक्षकाकांनी फर्मावले.

“आणि सेल दहा वर्षं बदलावा लागता कामा नये. टाकीवर चढायचं कोणी?” चिटणीस म्हणाले.

“चालू आहे हे कळायला एक हिरवा दिवा तरी हवाच,” अशी खजिनदारांनी पुस्ती जोडली.

तो इवलासा दिवा पाच मिलिॲम्पिअर पितो, म्हणजे एकटाच पंचेचाळीस तासांत सेल संपवील, असे मी नम्रपणे निवेदन केले. “मग रात्री बंद ठेवा,” खजिनदार उद्गारले. गच्चीवरच्या उन्हात दिवसा तो दिसणारच नाही, ही गोष्ट मी इतिवृत्तात नोंदवून घेतली नाही.

बोलण्याला शक्ती लागते आणि ऐकणे फुकट असते, अशी लोकांची समजूत आहे. रेडिओच्या राज्यात मात्र ऐकणे जवळजवळ बोलण्याइतकेच महाग पडते. कोणीतरी केव्हातरी बोलेल या आशेवर कान उघडे ठेवून बसलेले यंत्र अल्पायुषी ठरते. म्हणून दोन्ही टोकांच्या यंत्रांत आधी वेळेचा करार करावा लागतो, आणि ती वेळ राखण्यासाठी सेकंदाला 32,768 आंदोलने करणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक तैनात असतो. तोही दिवसाकाठी पावणेदोन सेकंद सहज मागेपुढे होतो, यास्तव यंत्राला मुक्रर क्षणाच्या किंचित आधी उठवणे भाग पडते. ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणणारा टँकरवाला ज्या रस्त्याने दोन तासांनी उगवतो, त्याच रस्त्यालगत बसून मी मिलिसेकंदांचा जमाखर्च मांडतो.

बरे, बोलायचे तरी किती? पाण्याची पातळी सांगायला दोन बाइट पुरेत. परंतु इंटरनेटच्या नव्या रिवाजाप्रमाणे, म्हणजे आयपीव्ही-सिक्सप्रमाणे, त्यावर 40 बाइटांचा मायना घालावा लागतो. आणि आमच्या रेडिओच्या एका चिठ्ठीत सारे मिळून 127 बाइट मावतात. जुन्या पत्रांत ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’पासून वडीलधाऱ्यांच्या क्षेमकुशलापर्यंत अर्धे पान खर्ची पडे आणि मजकूर निघे तो आंबे पोचल्याचा, त्यातलाच हा प्रकार. 2007 साली सिक्सलोपॅन नामक नियमावलीने यावर तोड काढली: जे उभयतांना ठाऊकच आहे, ते लिहू नये. परिस्थिती अनुकूल असली की आता तो मायना दोन-तीन बाइटांत उरकतो. हाच नियम सोसायटीच्या वार्षिक सभेस लागू करावा, अशी सूचना मी मांडली. तिच्यावर पाऊण तास चर्चा झाली.

अखेर तहनामा झाला: पातळी दर पंधरा मिनिटांनी कळेल, दिवा मिळणार नाही. पेटी टाकीवर बसली. ती निमिषमात्र जागी होते, पाणी मोजते, दोन शब्द बोलते आणि पुन्हा निजते. तिला दिवा नाही, आवाज नाही. त्यामुळे दर रविवारी कोणी ना कोणी सभासद ती ‘गेली की काय’ हे पाहण्यास शिडीने वर चढतो आणि कळ दाबून तिचा रेडिओ जागा करतो. जी चढाई टळावी म्हणून हा सारा खटाटोप, ती दहा वर्षांतून एकदा होण्याऐवजी आता आठवड्याला होते, आणि तीत चिटणीस अग्रभागी असतात.

सबब वाचकांस एवढीच विनंती की, कोठे गच्चीवर, गोठ्यात वा शेताच्या बांधावर अशी मुकी पेटी आढळल्यास ती बंद पडली आहे असे मानू नये. ती इमानेइतबारे नोकरी बजावीत असते. कृपा करून कळ दाबू नका.