गोंदकाकू

तुम्ही सुईत दोरा ओवताय हे गोंदकाकूंना भिंतीपलीकडून कळतं. दार उघडं असलं तर त्या आत येतात, बंद असलं तर बेल वाजवून आत येतात, आणि जमिनीवर पसरलेल्या गोधडीकडे बघून म्हणतात, "कच्चे टाके घालत्येस? अजून?"

मग पिशवीतून ती पांढरी बाटली निघते. पोरांच्या हस्तकलेचा, पाण्यानं निघणारा गोंद! "अस्तर उलटं पसरायचं, एक सुरकुती ठेवायची नाही. त्यावर मधला कापसाचा थर. तो अर्धा मागे दुमडायचा, अस्तरावर गोंदाची बारीक नागमोडी धार सोडायची आणि थर परत पसरून तळव्यानं दाबत न्यायचा. मग उरलेला अर्धा. मग वरचा ठिगळांचा थर, तसाच. इस्त्री फिरवली की वाळलं. गुडघे मोडून टाके घालायला नकोत, सेफ्टी पिना बोटात टोचून घ्यायला नकोत."

"आणि तो गोंद?"

"धुतलं की जातं!"

हे काकूंचं ब्रीदवाक्य. माझ्या टेबलावर गोंद सांडला, धुतलं की जातं. त्यांच्या लोणच्याचं तेल माझ्या चंदेरीवर ओघळलं, धुतलं की जातं. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी खजिनदारांना सर्वांदेखत चोर म्हणाले, तेव्हाही काकू उठून म्हणाल्या, "अहो, मनावर काय घेता? धुतलं की जातं." खजिनदारांनी "कशानं?" असं विचारलं. काकूंनी पिशवीत हात घातला, तेव्हा सभा तहकूब झाली.

ही दीक्षा त्यांना लेकीकडे अमेरिकेत मिळाली. जाताना बॅगेत जुनी लुगडी नेली, येताना एल्मर्सच्या बाटल्या आणल्या. बाटलीवर बैलाचं तोंड असतं. बोर्डन ही मुळात दुधाचा धंदा करणारी कंपनी. तिच्या जाहिरातीतल्या एल्सी गाईचा नवरा एल्मर, आणि १९५१ साली त्याचं नाव गोंदाला मिळालं. हा इतिहास आमच्या जिन्यातल्या लहान पोरालाही पाठ आहे. पोळ्याला काकूंनी मातीच्या बैलांशेजारी ती बाटली ठेवून हळदकुंकू वाहिलं. कुंकू बाटलीला चिकटलं. काय म्हणाल्या असतील, ते तुम्हीच ओळखा.

एकदाच त्यांचं वाक्य अर्ध्यावर अडलं. तळमजल्यावरच्या वहिनींकडे सुतारकाम चाललं होतं. पांढरा गोंद तो पांढरा गोंद, म्हणून त्यांनी सुताराच्या डब्यातलाच सढळ हातानं ओतला. गोधडी धुवून धुवून साबण संपला, पण दोरीवर टाकली तर ती वाकेना. सध्या ती पलंगाच्या उशाकडे भिंतीला टेकून उभी असते आणि पाहुण्यांना वाटतं, नवीन फर्निचर केलंय. "मी शाळेतला सांगितला होता, सुताराचा नाही," काकू कुरकुरल्या. "शाळेतला असता तर धुतलं की..." वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचे शब्द काकूंनी गिळले.

खरं सांगायचं तर माझं भांडण गोंदाशी नाहीच. काकूंच्या गोधडीला मागच्या बाजूनं एक चुणी सापडत नाही, आणि माझ्या गोधडीला पुढूनही सापडते. पण आमच्या आजीची वाकळ काठापासून आत आत येणाऱ्या धावदोऱ्यानंच थर धरायची. तिच्या चार कडांना चार बायका बसायच्या आणि दोऱ्याबरोबर गावातल्या सगळ्या सासवांचा उद्धार व्हायचा. गोंद एका रात्रीत एकटाच वाळतो. हे मी काकूंना ऐकवलं. "म्हणून तर तुझ्याकडे येते," त्या म्हणाल्या आणि तडक कोपऱ्यातली चुणी दाखवू लागल्या. एवढा मोठा गाव, आणि बाईला बसायला माझीच सतरंजी.

परवा मी त्यांच्याकडे गेले. दिवाणावर एक गोधडी होती, काकांच्या रेघांच्या शर्टांची. एका ठिगळावर खिसा तसाच ठेवलेला, खिशाच्या तळाशी पेनाच्या शाईचा निळा डाग. उचलली तर कडक. घडी पडताना कुरकुरली.

"काकू, ही अजून धुतली नाहीत?"

काकूंनी ती माझ्या हातातून घेतली.

"धुतलं की जातं गं," त्या म्हणाल्या.

आणि लगेच, "मधोमध धरतात का गोधडी? चुणी पडेल! तुझी ती अर्धवट पडलीय ना, ती आण उद्या. टाके उसवून टाकू."

टाके काही मी उसवायची नाही. बाटली मात्र मी गुपचूप आणून ठेवली आहे, तांदळाच्या डब्यामागे. काकूंना सांगू नका. त्यांना कळलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळेल, आणि हे मात्र जन्मभर धुतलं तरी जायचं नाही.