अंड्याची भिंत

“अहो, आज चतुर्थी आहे. या भिंतीला हात लावला तर चालेल का?”

प्रश्न हिचा, पण दोष राखणदार आजोबांचा. तमिळनाडूत कानाडुकातानला एका चेट्टियार सावकाराच्या वाड्यात आम्ही शिरलो, आणि त्यांनी तोडक्या इंग्रजीत पहिल्याच खांबापाशी सांगून टाकलं की इथल्या गिलाव्यात चुना, हिरडा आणि अंड्याचा पांढरा बलक आहे. हिचा हात हवेतच थांबला. मी मात्र सरळ गाल टेकवला. बाहेर ऊन रणरणतंय आणि भिंत माठासारखी गार! शिवाय अंडी आणि हिरडा, म्हणजे अजीर्ण आणि उतारा एकाच ठिकाणी.

माझा हेवा समजून घ्या. चेट्टियार सावकारीसाठी ब्रह्मदेश, सिलोन, मलायाला गेले. आमच्या हॉलच्या भिंतीवर गेल्या पावसाळ्यात सिलोन आपणहून आलं, ओल धरून.

वाड्याचं पुढचं दार एका गल्लीत, मागचं दुसरीत. मधे चौकामागून चौक. ब्रह्मदेशी सागवानाचे खांब माझ्या कवेत मावेनात. फरशी आतंगुडीची, काचेवर ओतून केलेली, भट्टीचं तोंड न पाहिलेली. पायांनी घासून घासून चमकते म्हणे. चपला बाहेर. मोज्यातून माझा अंगठा डोकावत होता, फरशीत प्रतिबिंब पडून त्याचे दोन झाले.

एवढ्या ऐसपैस वाड्यात लग्न झालेल्या मुलाला काय मिळायचं? चौकाकडेची एक खोली, आमच्या बेडरूमहून लहान. पण चूल वेगळी! छप्पर एक, रांधणं ज्याचं त्याचं.

ही चतुर्थी विसरली. “सासूबाईंची वेगळी?” दोनदा खात्री करून घेतली. मग मायेनं भिंतीवरून हात फिरवला.

1942 साली जपानी ब्रह्मदेशात घुसले आणि तिथला पैसा बुडाला. आता असे कितीतरी वाडे कुलुपात. उघडतात ते लग्नकार्याला. “मालक किती?” मी विचारलं. आजोबा बोटं मोजू लागले, दोन्ही हात संपल्यावर त्यांनी आढ्याकडे पाहिलं. आमच्या कोकणातल्या घराचंही तेच. फक्त तिथे सागवान नाही, सातबारा आहे.

परवा पेंटर आला. सिलोनवर टकटक करून म्हणाला, “पुट्टी मारतो वहिनी, दहा वर्षं बघायला नको.”

हिनं गंभीरपणे विचारलं, “अंडी किती आणायची?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी सिलोनकडे.