एका सत्राचा मिशिगनकर

ऑगस्टमध्ये ॲन आर्बरला उतरतो तेव्हा तो नुसता इंजिनीअरिंगचा विद्यार्थी असतो, एका सत्रापुरता एक्सचेंजवर आलेला. पुण्यातल्या आपल्या कॉलेजला कबड्डीचा संघ आहे की नाही, हे त्याला सांगता येणार नाही. तिथलं मैदान त्याला ठाऊक आहे ते गाडी लावायची जागा म्हणून. सप्टेंबर संपायच्या आत हाच मुलगा मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला ‘आपण’ म्हणू लागतो. ‘यंदा आपला बचाव ढिला आहे,’ हे तो इतक्या घरगुती काळजीनं सांगतो, की १९२७ साली स्टेडियम उघडलं तेव्हा फीत धरायला ह्याचेच आजोबा होते की काय, असं वाटावं. ह्या स्टेडियमला म्हणतात ‘बिग हाउस’. आसनं १,०७,६०१. त्यातला शेवटचा एक तो कधीही गाळत नाही.

सामना दुपारी बाराला. हा सकाळी आठलाच समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात हजर. तिथं लोक गाड्यांची मागची दारं उघडून शेगड्या पेटवतात, सॉसेज भाजतात, फळीच्या भोकात पिशव्या टाकण्याचा खेळ मन लावून खेळतात. अंगात पिवळा शर्ट असला की अनोळखी माणूसही हातावर खायला ठेवतो. बोलायला ‘गो ब्लू’ एवढं पुरतं. वसतिगृहात ज्याच्याशी महिनाभर कुणी धड बोललं नव्हतं, त्याच्या पाठीवर इथं एका सकाळीत पन्नास थापा पडतात. माझ्या मते त्याचं निम्मं फुटबॉलप्रेम ह्या आवारातच शिजतं.

कारण खेळ त्याला फारसा कळत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, इतपत उमजलंय. बोंबाबोंब चेंडू समोरच्यांकडे असताना करायची आणि आपल्याकडे आला की गप्प राहायचं, हे तो चारचौघांच्या नजरा झेलून शिकला. साठ मिनिटांचा खेळ तीन तासांवर चालतो म्हणून अमेरिकन पोरं कुरकुरतात. ह्याला, क्रिकेटवर वाढल्यामुळे, तो आटोपशीर वाटतो. व्हिडिओ कॉलवर गालांचा पिवळा रंग पाहून आई विचारते, ‘अरे, हळद कुणाची?’ बाबा परीक्षेची तारीख विचारतात.

खरी दीक्षा मिळते ती नोव्हेंबरअखेरच्या शनिवारी, ओहायो स्टेटच्या सामन्याला. त्या आठवड्यात कोलंबसच्या ह्या प्रतिस्पर्धी विद्यापीठात पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’वर लाल फुली मारतात, हे ऐकून तो आधी हसतोच. मग कुणीतरी सांगतं, ह्या वैराच्या मुळाशी जमीन आहे. १८३५ साली टोलेडोच्या पट्ट्यासाठी दोन्हीकडच्या पलटणी सरसावल्या. चाकू लागला तो एका मिशिगनच्या डेप्युटी शेरीफला, तोही खिशातला. शेवटी टोलेडो गेलं ओहायोला. हा ताडकन उठतो. ‘म्हणजे बेळगाव!’ त्या दिवसापासून लाल शर्ट बॅगेच्या तळाशी जातो.

एका विषयावर मात्र त्याला छेडू नये. प्रशिक्षकांचे पगार कोटींत, आणि खेळाडूंना २०२१पर्यंत स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घ्यायलाही बंदी. हे काढलं की मघापर्यंतचे ‘आपण’ एकदम ‘ते’ होतात. ‘ते त्यांचं धोरण होतं, काका.’

डिसेंबरात तो परततो. पुढच्या नोव्हेंबरात, पुण्यात रात्री साडेदहाला, लॅपटॉपसमोर त्याची पहिली आरोळी उठते आणि शेजारचे जोशीकाका दार वाजवतात. कसला सामना, कोण खेळतंय, काकांना काही कळत नाही. तो घाईघाईनं टोलेडोपासून सुरुवात करतो. काका शांतपणे ऐकतात.

‘आणि अजून परत दिलं नाही?’

‘नाही.’

काका आत येऊन खुर्ची ओढतात. ‘त्यातले हरामखोर कुठले, लाल का?’