पुरात प्रमाणपत्र तरत नाही

बदलापुरात उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर, धोक्याची १७.५०. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, सोनिवलीत पावसाळ्यात या आकड्यांकडे सगळ्यांचे डोळे असतात. २००५ आणि २०१९च्या जुलैतल्या पुरांनी इथल्या माणसाला एक गोष्ट पक्की शिकवली: दाराला कुलूप कितीही भक्कम असो, पाणी शिरायच्या आत काय उचलायचं आणि कुठे न्यायचं, हे आधी ठरलेलं हवं. संस्थांच्या संगणकाची गोष्ट निघाली की हे शहाणपण कुठे जातं? पतसंस्था असो, शाळा असो की दवाखाना, ‘सगळं क्लाउडवर आहे, ऑडिट झालंय’ एवढ्यावर सभासदांची बोळवण होते.

ऑडिट कशाचं झालं, हे विचारा. कारण कागद दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत.

पहिला क्लाउड सुरक्षेचा. क्लाउड सिक्युरिटी अलायन्सच्या ‘क्लाउड कंट्रोल्स मॅट्रिक्स’च्या चौथ्या आवृत्तीत १७ विभाग आणि सुमारे दोनशे नियंत्रणं आहेत. आत कोण शिरू शकतो, माहिती एन्क्रिप्ट केलेली आहे का, नोंदी जपल्या जातात का, कुठली जबाबदारी कंपनीची आणि कुठली आपली, असे प्रश्न तो विचारतो.

दुसरा कागद आपत्कालीन नियोजनाचा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची २०१० सालची एसपी ८००-३४ ही मार्गदर्शिका किंवा आयएसओ २२३०१ हे आंतरराष्ट्रीय मानक. इथले प्रश्न निराळे. काम किती तास बंद राहिलं तर चालेल? किती तासांच्या नोंदी गेल्या तर सोसवेल? पर्यायी जागा कोणती? सराव कधी झाला?

अनुपालनाच्या नावाखाली हे दोन कागद एक्सेलमध्ये शेजारीशेजारी लावले जातात. ‘बॅकअप’ इकडेही आहे, तिकडेही आहे, म्हणून टिक. खरं तर मॅट्रिक्सच्याच सातत्याच्या विभागात लिहिलं आहे की आपत्तीचा सराव दरवर्षी करा, जमल्यास स्थानिक आपत्कालीन यंत्रणेला सोबत घ्या. त्या रकान्यात ‘होय’ लिहायला पाच सेकंद लागतात. सरावाला एक रविवार मोडावा लागतो. फरक इथेच पडतो.

आता पुराची रात्र समोर आणा. तळमजल्यावरचं कार्यालय पाण्यात, वीज बंद, मोबाइल टॉवरची बॅटरी संपलेली. क्लाउडवरची माहिती सुखरूप आहे. पण तिथे शिरायला ओटीपी हवा. तो एकाच व्यवस्थापकाच्या मोबाइलवर येतो आणि व्यवस्थापक कल्याणला अडकलेले. पहिल्या कागदावर ही व्यवस्था उत्तीर्ण, दुसऱ्यावर साफ नापास. उपाय फार खर्चाचा नाही. आणीबाणीसाठी एक वेगळं खातं ठेवा. त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी, पूररेषेबाहेरच्या तिजोरीत. पाकीट उघडलं की नोंद करायची आणि पासवर्ड बदलायचा.

हे काल्पनिक भय नाही. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याचं समोर आलं. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने संसर्ग पसरू नये म्हणून तिला आपल्या जाळ्यापासून तोडलं. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे सहकारी आणि ग्रामीण बँकांसह देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. जोडणी दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला पूर्ववत झाली. पण त्या मधल्या तासांत ग्राहकाला काय सांगायचं, पैसे कुठून द्यायचे, हे सुरक्षेचा कागद सांगत नाही. ते दुसऱ्या कागदाचं काम.

सरकारही या चुकीला अपवाद नाही. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणाऱ्या ‘जी-ड्राइव्ह’मधला ८५८ टेराबाइट मजकूर गेला. त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश काढले. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच, हे त्यांत स्पष्ट आहे. पण पहिल्या आणि दुसऱ्या स्तरातल्या नागरी सहकारी बँका, म्हणजे ठोकळमानाने १,००० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या, त्यांतून वगळल्या आहेत. पतसंस्था तर सहकार खात्याच्या अखत्यारीत. ज्यांच्याकडे भाजीवाल्याची, रिक्षावाल्याची, पेन्शनरची पुंजी आहे, त्यांनाच मोकळीक. हे चूक आहे. छोट्या संस्थांना सोपा, चार पानांचा, पण सक्तीचा नियम हवा.

तोवर सभासदांनीच विचारावं. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. उठून तीन प्रश्न विचारा. बॅकअपवरून माहिती प्रत्यक्ष परत आणून शेवटची कधी पाहिली? सगळं बंद पडलं तर किती तासांत खातं दिसेल? व्यवस्थापक नसतील तर किल्ली कुणाकडे? पहिल्याचं उत्तर तारखेत, दुसऱ्याचं तासांत आणि तिसऱ्याचं नावानिशी मिळालं नाही, तर अहवालाला मंजुरी देऊ नका.